सातबाऱ्याबाहेर

पोशीरची आमची सगळी जमीन विकली, ती काही नडीपायी नव्हे. फार्महाऊसवाल्यांनी नेरळच्या बाजूला भाव इतके चढवले होते, की इथली जमीन देऊन चौकच्या पलीकडे तिच्या दुप्पट घेता येत होती. हे म्हणाले, "भात हितं काय नि तितं काय, सारकंच पिकतं." मलाही पटलं.

बांधाकडेचा आंब्याखालचा तुकडा मात्र मला ठेवायचा होता. वकील म्हणाला, "तेवढासा तुकडा वेगळा काढता येत नाही, वहिनी. तुकडेबंदीचा कायदा आहे." कायदाच आहे म्हटल्यावर मी गप्प बसले. तुकडे पडत गेले तर शेती परवडत नाही, हे मलाही कळतं.

घेणारा योगेंद्र, मुंबईत बँकेत काम करणारा, वागायला गोड. साताऱ्याकडे आजोबांची जमीन, म्हणून कागदोपत्री शेतकरी. चिखलात उतरायचं तर आधी कोणते बूट घालू म्हणून विचारील असा.

मग आम्ही चौकच्या पलीकडे धाऊचं शेत बघितलं. धाऊ यांच्या आत्याच्या गावचा. त्याला शेत विकून मुलाला गॅरेज काढून द्यायचं होतं. इसार दिला, कागद करायला गेलो, तर कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "तुमचा स्वतःचा सातबारा?"

"तो गेला की. जमीन इकली आमी."

"मग तुम्ही शेतकरी कुठे राहिलात? शेतजमीन फक्त शेतकऱ्यालाच घेता येते."

हे हसले. त्यांना वाटलं, साहेब चेष्टा करतायत. मग हात पुढे करून तळव्याच्या भेगा दाखवल्या. साहेब बिचारे चिडले नाहीत. "काका, हा नियम तुमच्यासाठीच आहे. नसता, तर पैसेवाल्यांनी सगळा रायगड विकत घेतला असता."

घरी येताना मी तेच घोळवत होते. त्यात खोटं काय होतं? एक कायदा तुकडा ठेवू देत नाही, दुसरा तुकड्यावाचून शेतकरी मानत नाही, आणि दोन्ही आमच्या भल्याचे. मग आमचं वाटोळं कुणी केलं? वकिलाला शिव्या घालाव्यात, तर पुढे शेत घेणार आहोत हे आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं. शेतकरी राहायलाही कागद लागतो, हे कुणाच्या डोक्यात येणार?

धाऊ बरेच दिवस थांबला. शेवटी खाली मान घालून इसार परत देऊन गेला. शेत योगेंद्रने घेतलं होतं. शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून त्याने पोशीरच्या जमिनीचा सातबारा लावला होता, म्हणजे आमचाच.

मी भांडायच्या तयारीत होते, पण तो पोरगा स्वतःच घरी आला. "काका, धाऊचं शेत पडूनच राहील. तुम्हीच करा ना. पीक सगळं तुमचं."

हे लगेच हो म्हणाले. मला आनंद झाला आणि रडूही आलं. दोन्ही एकदम का, ते अजून उमगलेलं नाही.

"रडतेस का गं? शेत मिळालं ना?" हे म्हणाले.

बियाणं आणायला आम्ही दोघं चौकला गेलो. बियाणं अनुदानाचं होतं, म्हणून दुकानदाराने नोंदीसाठी विचारलं, "शेतकऱ्याचं नाव?"

मी यांच्याकडे बघितलं.

"योगेंद्र," हे म्हणाले, आणि पिशवी खांद्यावर घेतली.