उदबत्तीपुरती एक पुंगळी

पितळ काळं दिसलं की माझ्या सासूबाईंचे हात शिवशिवतात. माझा नवरा सुजीत यूएईत खोर फक्कानजवळच्या एका नेमबाजी क्लबात स्टोअर सांभाळतो. उडालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या तिथे साफ करून पुन्हा भरतात. साफ करायचं मशीन बिघडलं, साहेब नवीन घेईना, म्हणून आमचा शहाणा पिशवीभर पुंगळ्या घरी घेऊन आला. क्लबाबाहेर एकही न्यायची नाही, असा सक्त नियम असताना.

त्याचे व्हिनेगर-साबणाचे प्रयोग फसत होते. ते बघवेना म्हणून आमच्याकडे राहायला आलेल्या आईंनी गावाहून आणलेली आमसुलं भिजत घातली, पाण्यात मीठ टाकलं आणि देवाची उपकरणी घासावी तशा सगळ्या पुंगळ्या घासल्या. लख्ख निघाल्या. सुजीतने त्या गुपचूप परत नेल्या.

एक मात्र आईंनी ठेवून घेतली होती, गावी देवापुढे उदबत्ती लावायला. हे आम्हाला कळलं ते त्यांना पोचवायला गेलो तेव्हा, विमानतळावर. बॅग दारातल्या तपासणीच्या मशीनमधून गेली आणि तिघांनाही आत बोलावलं. टेबलावर ती पुंगळी चमकत होती. कुठून आणली, असं अधिकाऱ्याने हिंदीत विचारलं.

मी हळूच म्हटलं, "आई, रस्त्यात सापडली म्हणा."

"खोटं कशाला बोलू?" म्हणत त्या अधिकाऱ्याकडे वळल्या. "मेरा लडका क्लब से लाया था, पिशवी भरके. मैंने आमसूल से घासके दिया. देखो कैसा चमकता है."

अधिकारी भला होता. त्याने आईंना पाणी दिलं, पुंगळी ठेवून घेतली आणि त्यांना जायला सांगितलं. सुजीतला मात्र दुसऱ्या दारातून आत नेलं. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं. आमचा दोघांचा व्हिसा त्याच नोकरीवर आहे. मला आईंचा भयंकर राग आला, पण त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

सुजीत सही करायला गेलाय, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना विमानापर्यंत न्यायला व्हीलचेअरवाला आला तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"बघितलंस आभा? खरं बोललं की कोणी अडवत नाही. सुजीतलाही सांग हो."

मी मान हलवली.