चादरीवर लिहिलेलं ‘रेपु रा’

मी एक जुनी पांढरी चादर आहे. किती जुनी ते विचारू नका, वय सांगायला मला मुळीच आवडत नाही. एवढंच सांगते, की मला हौसेने विकत आणणाऱ्या कुसुमताई आता या जगात नाहीत, आणि त्यांचे तरुण, कुरळ्या केसांचे यजमान लक्ष्मणराव आता चार नातवंडांचे आजोबा आहेत. केस तर त्यांना मोजकेच उरले आहेत.

मित्रांनो, माझा जन्म करीमनगरकडच्या एका हातमागावर झाला. तिथल्या विणकराचा हात मोठा नेटका होता. एक धागा जरी तुटला तरी तो माग थांबवायचा, धागा जोडायचा आणि मगच पुढे जायचा. म्हणून तर अजून माझी वीण घट्ट आहे. दोन्ही कडांना त्याने निळा काठ दिला, खळ देऊन मला कडक केलं, आणि एका गठ्ठ्यात बसून मी हैदराबादला आले.

हैदराबादेत दर जानेवारीला नामपल्लीला मोठं प्रदर्शन भरतं. सगळे त्याला नुमाईश म्हणतात. तिथल्या एका दुकानात कुसुमताईंनी मला उचललं, बोटांत धरून चोळलं, दिव्यासमोर धरून माझी वीण पाहिली.

‘‘रंग जाता क्या?’’ त्यांनी दुकानदाराला विचारलं.

‘‘अम्मा, सफेद का क्या रंग जाएगा?’’

‘‘किनारे का पूछ रई मैं!’’ कुसुमताई म्हणाल्या, आणि त्यांनी माझा निळा काठ त्याच्या डोळ्यांसमोर धरला. मला तेव्हाच कळलं, की मी चांगल्या घरी चालले आहे.

नारायणगुड्याच्या त्या घरात मी पाहुण्यांची चादर झाले. हा मान लहान नसतो बरं का! उदगीरहून, नांदेडहून माणसं यायची आणि कुसुमताई मला नीळ घालून, इस्त्री करून पलंगावर अंथरायच्या. उन्हाळ्यात गच्चीवर माझ्यावर कुरडया वाळायच्या, गणपतीत मी मूर्तीच्या मागचा पडदा व्हायचे. ‘‘काय पांढरीशुभ्र ठेवलीय हो!’’ असं पाहुणे म्हणाले, की कुसुमताई नुसत्या हसायच्या. मी मात्र फुगून जायचे.

पुढे कुसुमताई गेल्या. घरात फुलाफुलांच्या, कडेला इलॅस्टिक लावलेल्या चादरी आल्या. त्या गादीला अशा घट्ट चिकटून बसतात, की जणू कुणी त्यांना उठवायलाच आलं आहे. माझी घडी माळ्यावर गेली. तिथे एक मोडका टेबलफॅन आणि मी, अशी आमची काही वर्षं गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती गेल्या वर्षाच्या दसऱ्याच्या सुट्टीची.

त्या सुट्टीत कुकटपल्लीहून लक्ष्मणरावांच्या लेकीची मुलं आली होती, अकरा वर्षांचा आदित्य आणि त्याची धाकटी बहीण राणी. सगळ्यांनी मिळून भुताचा सिनेमा पाहायचं ठरलं. या घरची मुलं दोन: प्रणिता आठ वर्षांची आणि गौतम पाच वर्षांचा. खोलीत अंधार, टीव्हीवर भूत. आणि अर्ध्या सिनेमात आदित्य हळूच उठला, त्याने माळ्यावरून मला ओढून काढलं, डोक्यावर घेतलं आणि ‘‘ऊऽऽ’’ करत गौतमवर उडी मारली.

गौतम किंचाळला. धावत स्वयंपाकघरात गेला. त्याची चड्डी ओली झाली होती. ते पाहून आदित्य पोट धरून हसला, राणी हसली, आणि खरं सांगायचं तर प्रणितासुद्धा हसली.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी पाहुण्यांची चादर राहिले नाही. मी देय्यम झाले. इथे भुताला तेलुगूत देय्यम म्हणतात. गौतम एकटा बाथरूममध्ये जाईना. दोरीवर पांढरं काही वाळत असलं, की तो गॅलरीचं दार लावून घ्यायचा. मला एका पिशवीत कोंबून वर गाठ मारली गेली. मी काय केलं होतं? पण लहान मुलाच्या किंकाळीपुढे ‘मी निर्दोष आहे’ असं म्हणणं मला शोभलं नसतं.

यंदा पुन्हा दसरा आला. पुन्हा कुकटपल्लीहून फोन आला. ‘‘भुताचा सिनेमा लावायचा ना?’’ आदित्यने विचारलं. ‘‘की गौतम परत सूसू करणार?’’

फोन स्पीकरवर होता. गौतम तिथेच बसला होता.  फोन ठेवल्यावर तो प्रणिताला म्हणाला, ‘‘दीदी, मला बघायचंय. शेवटपर्यंत. मला पळायचं नक्को.’’

प्रणिताने भावाकडे पाहिलं. आणि मी तुम्हाला सांगते, चौथीतल्या त्या मुलीने पुढच्या चार दिवसांत जे केलं, ते पाहून मी थक्क झाले. मी मोठमोठे लग्नसोहळे पाहिलेत, त्यांतली धावपळ पाहिली आहे. पण असा नीट विचार करून बेत आखणारं माणूस क्वचितच पाहिलं.

आधी तिने सिनेमा बदलला. हातातला कंदील हरवलेल्या एका लहानशा भुताची गोष्ट तिने शोधून काढली. मग भर दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून, आवाज बंद करून तो सिनेमा तिने गौतमला दाखवला. कुठे भूत येतं, कुठे विजा चमकतात, सगळं आधी माहीत करून दिलं. ‘‘माहीत असलेलं भूत कमी भीती घालतं,’’ ती आईला म्हणाली. तिची आई त्रिवेणी लेकीकडे बघतच राहिली.

मग नियम ठरले. सिनेमा संध्याकाळी साडेसहाला लावायचा. मागून कुणी खांद्यावर हात ठेवायचा नाही. रक्तबिक्त काही नको. रिमोट गौतमच्या हातात, त्याला वाटेल तेव्हा तो थांबवणार आणि का थांबवला असं कुणी विचारायचं नाही. खाण्यासाठी त्रिवेणीने इडलीची भुतं करायची, म्हणजे वाफाळत्या इडलीला काळ्या मनुकांचे डोळे. ‘‘भूत आपल्याला खाण्याआधी आपणच त्याला खाऊन टाकायचं,’’ प्रणिता म्हणाली. हा विचार गौतमला फार आवडला.

पडद्याचा प्रश्न मात्र राहिला. बाबांच्या मित्राने छोटा प्रोजेक्टर दिला होता, पण हॉलची भिंत पडली गर्द केशरी.

‘‘नवीन पांढरी चादर आणू या,’’ त्रिवेणी म्हणाली.

‘‘नाही आई, तीच पाहिजे,’’ प्रणिता म्हणाली. ‘‘गौतमला दिसू दे, ती आपल्या आजीची चादर आहे म्हणून.’’

माझी पिशवी सोडली गेली. गौतम दारात उभा होता. प्रणिताने मला बादलीत बुडवलं आणि त्याला बोलावलं. आधी त्याने एका बोटाने मला दाबून पाहिलं. मग साबणाचा फेस आला, मग दोन हात आले, आणि पिळताना तर एक टोक दीदीकडे आणि एक टोक त्याच्याकडे, असे दोघं उलटसुलट फिरून हसले. वर्षभराने कुणी मला हसत हात लावला होता. मला किती बरं वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही.

पण भीती अशी धुऊन जात नाही. सिनेमाच्या दिवशी दुपारी मला हॉलमध्ये खिळ्यांना ताणून लावलं आणि गौतमचा चेहरा उतरला. तो आजोबांच्या मांडीवर जाऊन बसला.

लक्ष्मणराव म्हणाले, ‘‘तुझे बाबा तुझ्याएवढे होते ना, तवा इथं गल्लीत दर दारावर लिहिलेलं असायचं, रेपु रा.’’

‘‘रेपु रा? उद्या ये?’’ गौतमला शाळेत तेलुगू होती. ‘‘कुणाला?’’

‘‘देय्यमला. ते दारात यायचं, वाचायचं आणि परत जायचं. दुसऱ्या दिवशी आलं की पुन्हा तेच.’’

‘‘रोज?’’

‘‘हौ, रोज.’’

‘‘बेवकूफ आहे का ते?’’

‘‘बेवकूफ कसं? लिहिलेलं वाचतंय की!’’ लक्ष्मणराव हसले. ‘‘पण लिहायचं कुठं, माहितंय? भूत जिथून येतं तिथं.’’

मित्रांनो, आजोबांचं म्हणणं दाराबद्दल होतं. त्यांनी खडूसुद्धा काढून ठेवला. पण गौतमचं भूत दारातून कुठे आलं होतं? ते आलं होतं माझ्यातून. आजोबांचा डोळा लागल्यावर त्याने बाबांच्या टेबलावरचा काळा मार्कर घेतला आणि स्टुलावर चढून माझ्या अगदी मधोमध, हातभर मोठ्या तेलुगू अक्षरांत लिहिलं, ‘रेपु रा’.

दोनदा तो स्टुलावरून खाली उतरला आणि दोनदा परत चढला.  पण अक्षरं त्याने पूर्ण केली.

त्रिवेणी बाहेर आली आणि ‘‘अय्यो!’’ म्हणून तिने कपाळाला हात लावला. पडद्याची वाट लागली होती. प्रणिताने ओला कपडा घासून पाहिला, डाग हलला नाही. चार दिवसांच्या मेहनतीवर काळी शाई बसलेली पाहून तिचे डोळे भरून आले. पाहुणे यायला तासच होता. आता आदित्य येणार, हे वाचणार, आणि जन्मभर चिडवणार!

लक्ष्मणराव उठून माझ्यासमोर आले. मी श्वास रोखला. कुसुमताईंची आवडती चादर होते मी. त्यांनी काठावरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘‘अक्षर चांगलं आहे रे तुझं.’’

बस, एवढंच. कुणी रागावलं नाही. प्रणिताने डोळे पुसले. ‘‘राहू द्या,’’ ती म्हणाली. ‘‘आपण यावरच बघू.’’ माझ्या मते त्या घरातला सगळ्यात मोठ्या मनाचा क्षण तो होता.

आदित्य आणि राणी आले. पडदे ओढले, प्रोजेक्टर लागला. आदित्यने मोठ्याने वाचलं, ‘‘रेपु रा! हे कुणी लिहिलं?’’

‘‘मी,’’ गौतम म्हणाला. रिमोट त्याच्या दोन्ही मुठींत होता.

आदित्य हसण्याच्या बेतात होता, तेवढ्यात पडद्यावर पहिलं भूत आलं. गोल पोटाचं, आणि त्या पोटावर काळ्या अक्षरांत, ‘उद्या ये’. भूत डावीकडे सरकलं की अक्षरं त्याच्या कानावर, उडी मारली की पायाखाली. विजा चमकल्या तर विजेवरही तेच. आधी गौतम खुदकन हसला, मग सगळेच. दोनदा त्याने सिनेमा थांबवला आणि कुणी काही विचारलं नाही. तिसऱ्यांदा थांबवला तेव्हा तो उठला, माझ्याजवळ आला आणि अंधारात, एकट्याने, माझ्यावरच्या भुताच्या नाकाला बोट लावून परत जागेवर जाऊन बसला. मित्रांनो, मी जर माणूस असते तर तेव्हा रडले असते.

तो शेवटपर्यंत बसला. दिवे लागले तेव्हा त्याच्या ताटलीतली सगळी भुतं संपली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण गौतम गंभीर होता.

‘‘ते बिचारं रोज येतं,’’ तो म्हणाला. ‘‘आणि आपण रोज परत पाठवायचं?’’

मग त्याने मार्कर मागितला. आणि त्रिवेणीने, शर्टावर आमटीचा थेंब पडला तरी रागावणाऱ्या त्या बाईने, स्वतः टोपण काढून तो त्याच्या हातात दिला. गौतमने ‘रेपु’वर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘ईरोजु’. म्हणजे आज. आज ये.

निघायच्या वेळी बाकीचे लिफ्टपाशी गेले. आदित्य चपलेचं निमित्त करून मागे राहिला. हॉलमध्ये फक्त गौतम होता आणि भिंतीवर मी.

‘‘ए गौतम,’’ आदित्य हळूच म्हणाला, ‘‘मला एका कागदावर लिहून दे ना. पहिलंवालं. आमच्या बाथरूमच्या दाराला लावतो. राणीला सांगू नको.’’

गौतमने त्याच्याकडे पाहिलं. वर्षभराचं सगळं उट्टं काढायची संधी समोर उभी होती. तो हसला नाही. वहीचं पान फाडून त्याने मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, घडी केली आणि भावाच्या खिशात घातली.

हे गुपित मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं, कारण तुमच्याही घरात एखादा गौतम असेल, आणि एखादा आदित्यही असेल. दोघांनाही सांभाळा. आणि मला धुताना, मित्रांनो, साबण लावा, नीळ घाला, उन्हात वाळवा, पण ती अक्षरं घालवण्यासाठी मला कधी घासू नका.