खारट चहाशी भांडणारी गोळी

मी एक जुनी गोळी आहे. जुनी म्हणजे मुदत संपलेली नव्हे, उगाच नाक मुरडू नका! मी रक्तदाबाची गोळी. आकाराने मसुराच्या दाण्याएवढी, पण मित्रांनो, उधळलेल्या याकला शिंगं धरून खाली बसवायची धमक आहे माझ्यात.

माझा जन्म कारखान्यातला. पांढऱ्या भुकटीवर असा दाब पडला की मी गोल झाले. दाब म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळलं. मग चंदेरी पाकिटात बहिणींच्या रांगेत बसून, खिंडी ओलांडून मी लडाखात आले आणि मेमे तुंडुपांच्या चुलीजवळच्या फळीवर, तांब्याच्या भांड्यांमागे राहू लागले.

मेमे म्हणजे आजोबा. हे आजोबा गावातले पट्टीचे तिरंदाज. वसंतात खेळ भरला की पहिला बाण त्यांचाच. त्यांच्या रक्ताला मात्र असा जोर, की मनगटावर बसलेली माशी थेट छताला आदळायची!

आमचं काम ऐका. आवळून बसलेल्या रक्तवाहिन्यांना आम्ही दरडावतो, "बायांनो, मुठी सोडा!" त्या सैलावतात, वाट रुंद होते, रक्ताचा जोर उतरतो. आमची एक चुलत बहीण जास्तीचं मीठ-पाणी लघवीवाटे हाकलते. पण आमचा अंमल दिवसभराचाच. म्हणून रोज एकीला आत जावंच लागतं.

आणि मेमे काय करत? आम्हाला लोण्याच्या खारट चहाबरोबर गिळत! ज्या दाराने शिपाई आत, त्याच दाराने चोरही आत, कारण मीठ तर दाब वाढवतं! त्यात पेला रिकामा दिसला की त्यांची बायको, आबी ल्हाझोम, तो पुन्हा भरणार. पाहुणा असो की नवरा, पेला रिकामा राहिला तर घराची अब्रू जाते ना!

तरीही माझ्या बहिणींनी जोर उतरवला. गावातल्या नर्सने, दिस्कितने, शाबासकी दिली. मेमेंना बरं वाटू लागलं आणि तिथेच घात झाला.

"काय रे तुंडुप," शेजारचा छोस्पेल खिदळला, "गोळी खाऊन धनुष्य ओढणार? मग बाणाच्या हातातही काठी दे, टेकायला!"

झालं! मेमेंनी गोळी सोडली. पाकिटात मी एकटी उरले. अख्खा हिवाळा भांड्यांमागून ओरडले, 'अहो, बरं वाटतंय ते आमच्यामुळे!' पण ऐकतो कोण?

खेळाचा दिवस उजाडला. मेमेंनी धनुष्य उचललं आणि त्यांचा तोल गेला. मैदानातल्या तंबूचा खांब धरला म्हणून पडले नाहीत. दिस्कितने तिथेच दंडाला पट्टा गुंडाळून दाब मोजला. तिचा चेहरा उतरला.

"मेमे-ले," आदराचा 'ले' लावून तिने विचारलं, "गोळी कधी घेतली होती?"

"बर्फ पडायच्या आधी."

"मग आज धनुष्य ओढू नका. डोक्यातली रक्तवाहिनी फुटू शकते. गोळी घ्या आणि लगेच माझ्याबरोबर लेहच्या रुग्णालयात चला."

"पहिला बाण माझा आहे!"

आबी घरी पळाल्या. मला घेऊन आल्या, सोबत साधं गरम पाणी. "बाण पुढच्या वर्षीही मारता येईल. तुम्हीच नसलात तर मी ओरडू कुणावर?"

"आण ते धनुष्य इकडे," छोस्पेल म्हणाला. "चहा तरी पिणार, की तोही बंद?"

मेमे धनुष्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ते छोस्पेलच्या हातात दिलं आणि भरायला आलेल्या चहापुढे आपला पेला तळहाताने झाकला.

"खारट चहा बंद. आणि सगळ्यांनी ऐका, मी गोळी खातो. रोज खाणार. ज्याला हसायचं त्याने आजच हसून घ्यावं!"

कुणी हसलं नाही. छोस्पेलसुद्धा नाही.

मित्रांनो, मी जादू नाही. एकटीने आज सगळं सावरणार नाही. पण तुमच्या घरच्या आजी-आजोबांना सांगा, बरं वाटलं म्हणून आम्हाला सोडू नका. आमच्यामुळे पाय सुजले, चक्कर आली, तर डॉक्टरांना विचारा. परस्पर गोळी थांबवू नका. दुसऱ्याची गोळीही तोंडात टाकू नका.

मेमेंनी चंदेरी कागद फाडला आहे. सरका, वाट द्या! आज मी, उद्या दुसरी, परवा तिसरी. बघू या, आधी कोण दमतं, आम्ही की रक्ताचा जोर!