उतरता खांदा

विद्येचा गर्व वाईट, असे थोर लोक सांगत आले आहेत. परंतु ज्याने बेतलेल्या कोटात पोक काढून चालणारा कारकूनही सेनापतीसारखा दिसतो, त्या शिंप्याने थोडा गर्व केला तर त्यास दोष कोण देणार? या कथेतील शिंपी तशा योग्यतेचा होता. कात्री हातून निसटून खाली पडली, तर तो प्रथम तिची क्षमा मागे व मग तिला उचले. गिऱ्हाईक दुकानाच्या पायऱ्या चढत असतानाच त्याची छाती, गळा व बाही यांची मापे या पुरुषाच्या दृष्टीत उतरलेली असत. गळ्यात टेप अडकवलेली असे ती केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. घरच्या माणसाला तर तिचा स्पर्शही नसे.

“घरच्यांचं माप टेपने घ्यायचं म्हणजे स्वतःच्याच घरात मोरी कुठे म्हणून विचारायचं,” असे तो म्हणे.

हा नियम एकदाच मोडला होता. थोरला मुलगा शाळेत जाऊ लागला तेव्हा त्याच्या पहिल्या कॉलरवाल्या शर्टासाठी, पहिलेपणाच्या उत्साहात, बापाने त्याला स्टुलावर उभे करून टेप लावली; आणि ध्यानात आले की मुलाचा डावा खांदा उजव्याहून चांगला बोटभर उतरता आहे. दुसरा बाप खचला असता. शिंपी मात्र प्रसन्न झाला. विधात्याने चूक करावी आणि ती झाकण्याचा मान आपल्या कात्रीस मिळावा, याहून मोठे भाग्य ते कोणते? त्याने ताबडतोब पुठ्ठ्याचा एक साचा कापला, डावा खांदा उतरता ठेवून. तो साचा दुकानातील खिळ्यावर लटकला, आणि थोरल्याचे पुढचे सारे शर्ट त्याच्याच आधारे, वर्षागणिक लांबी-रुंदी वाढवीत, बेतले गेले.

यथाकाळी धाकटा जन्मला, वाढला, शर्टाच्या वयात आला. बापाने साचा खिळ्यावरून काढला. “दोघं एकाच बापाची पोरं,” तो म्हणाला, “साचा कशाला बदलायचा?”

धाकट्याचे खांदे सरळ होते. त्यामुळे पहिल्याच शर्टाला डावीकडे मानेपासून काखेपर्यंत सुरकुत्या पडल्या. बापाचे मुख म्लान झाले. “नीट उभा राहा रे,” तो म्हणाला. बालक इकडून तिकडे हलले, त्याने पोट आत घेतले, श्वास रोखला, आणि अखेरीस त्यास असे आढळले की डावा खांदा खाली सोडला की सुरकुत्या नाहीशा होतात आणि बाबांचा चेहरा दिवाणखान्यातल्या दिव्यासारखा उजळतो. पितृभक्तीची उदाहरणे पुष्कळ आहेत. परंतु बापाच्या शिलाईची अब्रू राखण्यासाठी आयुष्यभर एका अंगाला कलून चालण्याचे व्रत इतक्या कोवळ्या वयात दुसऱ्या कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही.

पुढे पुढे ते व्रत आहे हेही तो विसरला. लोक म्हणत, “अगदी थोरल्यावर गेलाय. चालतोसुद्धा तसाच.” थोरल्याचे दप्तर, थोरल्याची सायकल, थोरल्याच्या मास्तरांनी थोरल्यासाठी योजलेली बोलणी, सर्व क्रमाने त्याच्याकडे आले. विशीच्या उंबरठ्यावर आला तरी कोणी “तू कोण रे?” असे विचारले की तो म्हणे, “दादाचा धाकटा भाऊ.” आणि विचारणाऱ्याचे तेवढ्याने समाधान होई.

अशा मुलाने चौकटवाल्या मावशींच्या दुकानात उमेदवारी धरली, हीच त्याच्या आयुष्यातील पहिली स्वतंत्र घटना. मावशी चित्रांना नि फोटोंना चौकटी करीत, आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन त्या भिंतीवर टांगूनही देत. तिथला लाकडाच्या भुश्शाचा व सरसाचा वास धाकट्याला पहिल्याच दिवशी इतका आवडला की तो घरी येऊन आईला म्हणाला, “आई, इथे दादाने कधी काम केलेलं नाहीये.” आईला त्यात एवढे आनंदाचे काय ते कळले नाही, पण तिने मान डोलावली.

चौकटीचे कोपरे तो उत्तम जुळवी. एकच खोड होती : पेन्सिल. शर्टाचा खिसा डावीकडे. त्यात धाकटा डावाच हात घालू पाही, त्यासाठी मनगट उलटे पिळी, आणि पेन्सिल हटकून खाली पडे. “खिशात पाल शिरलीय का रे?” मावशी विचारीत. परंतु एवढ्यावरून कोणी कोणाला काढून टाकीत नाही. खरे संकट दंतवैद्याच्या दवाखान्यात उद्भवले. तिथल्या बाहेरच्या खोलीत समुद्राची चित्रे लावायची होती, आणि मावशींनी विश्वासाने धाकट्याला एकट्याला पाठवले होते.

दुसऱ्या दिवशी दंतवैद्याचा फोन आला. मावशींनी तो ऐकला, खाली ठेवला, आणि धाकट्याला समोर बोलावले.

“डॉक्टर म्हणतात, पेशंटना खुर्चीत बसायच्या आधीच गरगरतंय. एका आजोबांना बोट लागली.”

“समुद्राचीच चित्रं आहेत ना, मावशी.”

“समुद्र सपाट असतो बाळा. तुझा डावीकडे सांडतोय. सगळेच्या सगळे समुद्र डावीकडे सांडतायत.”

“मी मागे सरकून, नीट बघून लावले हो. मला सरळ दिसत होते.”

“हेच तर.” मावशींनी चष्मा कपाळावर चढवला. “हे बघ, तू गुणी आहेस. पण माझा धंदा सरळ टांगण्याचा आहे. उद्या, सोमवारी, मी तुझ्याबरोबर येते. सगळं उतरवून पुन्हा लाव. सरळ लागलं तर कायमचा राहा. नाही लागलं, तर तुझ्या बाबांकडे काजं-बटणं कर. त्यात तिरकेपणा खपून जातो.”

काजे-बटणे म्हणजे पुन्हा तो खिळा, तो साचा, आणि जन्मभर दादाचा धाकटा भाऊ. धाकटा उभाच राहिला, नेहमीसारखा, डावीकडे कलून. मावशी त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी स्वतःची मान डावीकडे कलती केली, आणि पुन्हा सरळ केली.

“हलू नकोस,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी भिंतीवरची पाणसळ घेतली. गवंडी वापरतात तीच ही लांब पट्टी; मध्यभागी काचेची नळी, नळीत बुडबुडा, आणि तो मधोमध थांबला तर वस्तू समतल. ती त्यांनी मागून त्याच्या दोन्ही खांद्यांवर आडवी ठेवली. बुडबुडा उजवीकडे असा पळाला, जणू त्याचे तिकडे सासर होते.

“जन्मापासून असाच आहेस?”

“हो. दादासारखाच. आमच्याकडे खांदा उतरताच असतो.”

“शर्ट काढ.”

“अं?”

“अरे, मावशी म्हणतोस ना? बनियन आहे ना आत? काढ मुकाट्याने.”

त्याने शर्ट काढला. त्याच्या अंगावरील बनियन हा घरातील एकमेव कपडा बाजारातून विकत आणलेला असे, कारण बनियन शिवणे शिंप्यास आपल्या योग्यतेचे वाटत नसे. मावशींनी पाणसळ पुन्हा ठेवली. बुडबुडा उजवीकडेच होता. मग तो थोडा हलला. थांबला. पुन्हा हलला. कुणाच्या घरात नवखा पाहुणा शिरावा तसा दबकत दबकत तो मध्यभागी आला आणि तिथेच बसला.

“शर्ट घाल,” मावशी म्हणाल्या. बुडबुडा उजवीकडे. “काढ.” बुडबुडा मधोमध. हा प्रयोग इतक्या वेळा झाला की दाराशी आलेले एक गिऱ्हाईक काही न विचारता निघून गेले.

“तू सरळ आहेस रे,” मावशी शेवटी म्हणाल्या. “तुझा शर्ट वाकडा आहे.”

ज्ञान प्राप्त झाल्यावर मनुष्य शांत होतो असे म्हणतात. धाकटा शांत झाला नाही. तो शर्ट हातात, पाणसळ काखेत आणि केवळ बनियन अंगात अशा वेषात रस्त्याने घरी गेला. कोपऱ्यावरचा वाणी, जो त्याला पाळण्यापासून ओळखत होता, म्हणाला, “या साहेब, काय देऊ?”

रविवारची दुपार होती. थोरला सुटीवर घरी आला होता. तो परगावी शाळेत मास्तर असून मुलांत फार प्रिय होता. इतका, की त्याचा वर्गच्या वर्ग प्रार्थनेला डावीकडे कलून उभा राही. आता तो बापाजवळ बाकावर बसून चहा पीत होता. आई शर्टांना बटणे लावीत होती.

“बाबा,” धाकटा म्हणाला, “माझं माप घ्या. टेपने.”

शिलाई यंत्र थांबले. आईची सुई हवेत राहिली.

“काय म्हणालास?”

“माझा खांदा उतरता नाहीये. शर्ट उतरता आहे.”

शिंप्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “तीस वर्षं मी या गावाचे खांदे शिवतोय. मला माझ्या पोराचा खांदा कळत नाही?”

“तुम्हाला दादाचा कळतो. माझा तुम्ही कधी बघितलाच नाहीत.” हे वाक्य तोंडातून गेल्यावर तो स्वतःच घाबरला. “म्हणजे बघितलात, पण साच्यातून. उद्या मला डॉक्टरांकडे सरळ चित्रं टांगायचीयेत, बाबा. नाही जमलं तर मावशी ठेवणार नाहीत.”

“बनियनवर रस्त्यातून आलास?” आईने विचारले. तिला त्या क्षणी तेवढेच महत्त्वाचे वाटले.

“लोकांना काय वाटेल?” शिंपी म्हणाला. “शिंप्याचा मुलगा आणि उघडा. अरे, दादाला विचार. त्याने कधी तक्रार केली? दादाचा खांदा खरोखर उतरता, तरी माझ्या शर्टात तसं कोण म्हणेल? सांग रे तू.”

थोरल्याने कपात पाहिले. कपात चहा संपला होता, तरी तो पाहत राहिला.

“दादा, शर्ट काढ,” धाकटा म्हणाला.

“मी मास्तर आहे.”

“इथे तुझे विद्यार्थी नाहीयेत. काढ.”

थोरल्याने शर्ट काढला, आणि कुणी काही मोजण्यापूर्वीच म्हणाला, “ठेवू नकोस ती पट्टी. माझाही सरळ आहे.”

आईच्या मांडीवरून एक बटण घरंगळले, आणि ते कुठवर जाते हे सर्वांनी अत्यंत लक्षपूर्वक पाहिले.

“त्या दिवशी खिशात गोट्या होत्या,” थोरला म्हणाला. “तुम्ही गोट्या खेळायला बंदी केली होती. जिंकलेल्या सगळ्या चड्डीच्या डाव्या खिशात, आणि तुम्ही एकदम स्टुलावर उभं केलंत. वाजू नयेत म्हणून मी हात खाली खुपसून घट्ट धरल्या. मग तुम्ही म्हणालात, डावा खांदा उतरता. केवढे खूश झालात तुम्ही, बाबा. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलंत. मग कसं सांगणार?”

“म्हणून इतकी वर्षं?” आई म्हणाली.

“सवय झाली. आणि शर्ट छान बसायचा, हेही खरं.”

धाकटा थोरल्याकडे पाहत होता. लहानपणापासून तो ज्याची हुबेहूब नक्कल होता, तो मूळ ग्रंथच पाठभेदाने भरलेला निघाला होता. त्याला रागही आला आणि हसूही. प्रथम हसू बाहेर पडले. थोरला हसला. आईने तोंडाला पदर लावला.

शिंपी हसला नाही. तो उठला, खिळ्यापाशी गेला आणि साचा काढून हातात घेऊन उभा राहिला. त्याच्या कडा वापराने मऊ झाल्या होत्या. “गोट्या कितीक होत्या?” त्याने विचारले.

“मूठ भरून.”

“तरीच बोटभर.” त्याच्या स्वरात किंचित समाधान होते. “माप चुकलं नव्हतं माझं. गोट्यांसकट बरोबर घेतलं होतं.”

मग त्याने साचा उलटा करून बाकाखाली ठेवला, गळ्यातील टेप काढली, आणि एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाला म्हणावे तसे अदबीने म्हणाला, “या. उभे राहा.”

धाकटा स्टुलावर चढला. टेप थंड होती. बापाची बोटे खांद्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू गेली, परत आली, पुन्हा गेली. “चांगला रुंद आहे,” बाप स्वतःशीच पुटपुटला. “कधी झालास एवढा?” गळा झाला, छाती झाली, बाही झाली. मग प्रत्येक गिऱ्हाइकाला जो प्रश्न तो विचारी, तो सवयीने त्याच्या मुखातून आला.

“कॉलर कशी ठेवू?”

हा प्रश्न धाकट्यास आजवर कोणी विचारला नव्हता. कॉलर जशी येई तशी येई. त्याने दादाकडे पाहिले.

“माझ्याकडे काय बघतोस?” थोरला म्हणाला. “मला तरी कुठे माहीत.”

“मी विचार करू का थोडा?”

“करा की,” शिंपी म्हणाला. आणि तो खरोखरच टेप हातात धरून थांबला. आईने दुसरा चहा केला. तो पिऊनही झाला. धाकटा स्टुलावरच होता. चेहऱ्यावरून पाहता एखादा संन्यासी मोक्षाविषयी चिंतन करीत असावा.

“कॉलर नको,” तो शेवटी म्हणाला. “नुसती पट्टी. आणि खिसा उजवीकडे.”

“खिसा डावीकडे असतो. जगात सगळीकडे डावीकडे असतो.”

“मला उजवीकडे हवा.”

“का?”

“माहीत नाही.”

शिंप्याने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले; आणि गिऱ्हाइकाच्या इच्छेपुढे मान तुकवावी हा आपल्या विद्येचा पहिला नियम स्मरून, कापडावर खडूने उजवीकडे खूण केली.

सोमवारी दंतवैद्याकडची समुद्रचित्रे पुन्हा लागली. मावशींनी प्रत्येकावर पाणसळ ठेवली, आणि प्रत्येक वेळी बुडबुडा मधोमध बसला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “आता भिंत जरा उजवीकडे गेल्यासारखी वाटते.” मावशी म्हणाल्या, “आठ दिवसांत सरावेल. तुमच्या कवळ्यांसारखं.” मग त्या धाकट्याकडे वळल्या. “उद्यापासून लवकर येत जा. आता तू पाहुणा नाहीस.”

“बरं, मावशी.”

“आणि तो खिसा कुणी चुकीच्या बाजूला शिवला? बाबांचं वय झालं वाटतं.”

“नाही. मी सांगितलं तसा.” धाकट्याने शेवटच्या खिळ्याची जागा पाहिली, डावा हात सहज उचलून उजव्या खिशातून पेन्सिल काढली, खूण केली आणि ती परत ठेवली. ती खाली पडली नाही. “मला तो तिथे हवासा वाटला. का, ते अजून कळलं नाही.”

मावशींनी त्या डाव्या हाताकडे पाहिले, खिशाकडे पाहिले, आणि चष्मा नाकावर ओढला.

“कळेल,” त्या म्हणाल्या. “हातोडी दे.”