ड्रॅगनचा जबाब

वीस बाजूंचा फासा.

वायर जळाल्याचा वास आणि दूध करपल्याचा वास. आत्याला डोळे मिटून फरक कळायचा.

सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल. त्यावर गरम भांडं टेकवायची घरात कोणाची छाती नव्हती.

एक ड्रॅगन, ज्याची बाजू आजवर कोणी ऐकूनच घेतली नव्हती.

झालं असं, की शनिवारी वहिनीचा आत्याला फोन आला. "वन्सं, तुमची भाची दर रविवारी दुपारी माणसं गोळा करते आणि दार लावून फासे टाकते. उद्या मी सहापर्यंत बाहेर आहे. तुम्ही बघून या. जुगार असला, तर माझ्या टेबलावर पुन्हा फासा पडणार नाही."

आत्या आगीच्या विम्याची सर्वेक्षक. सव्वीस वर्षं जळकी गोदामं हुंगलेली. भल्याभल्या मालकांना ती दुसऱ्याच प्रश्नाला घाम फोडायची.

ती पोचली तेव्हा टेबलाशी भाची, एक बेकरीवाला आणि एक नर्स. ना पत्ते, ना पैसा. नुसते कागद, पेन्सिली आणि ते फासे. भाचीचा चेहरा पडला.

"आईनं पाठवलं ना?"

"सहज आले."

"फाईल घेऊन?"

"खेळा तुम्ही. मी भिंत आहे असं समजा."

भाचीने नाइलाजाने खेळ समजावला. गोष्ट ती सांगणार. बेकरीवाला त्यातला योद्धा, नर्स त्यातली चोर. काय करायचं ते त्यांनी बोलायचं, जमलं की फसलं ते फासा ठरवणार.

"जिंकतं कोण?"

"कोणीच नाही."

'जुगार नाही,' आत्याने लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. काम संपलं होतं. ती उठली मात्र नाही.

भाचीने आवाज खाली आणला. "सतरा घरांची राख झालीय. गिरणीवाला छाती पिटून सांगतोय, ड्रॅगननं जाळलं."

बेकरीवाल्याने फासा उचलला. "चला, ड्रॅगनला मारू."

"आग आधी कुठे लागली?" भिंत म्हणाली.

"आत्या, ड्रॅगन आहे तो. वरून येतो."

"मग छपरं आत कोसळली असतील."

भाचीने कागद चाळले. कागदांत छपरं नव्हतीच. "नाही... गिरणीचं छप्पर लांब उडून पडलंय," तिने ठोकून दिलं.

"लांब? म्हणजे स्फोट आतून झाला. गिरणीत पीठ किती उडत होतं?"

"हवेत उडालेलं पीठ बंदुकीच्या दारूसारखं पेटतं," बेकरीवाला हळूच म्हणाला. "माझ्याकडे मी कोणाला काडी ओढू देत नाही."

"गिरणीवाल्याचे हात भाजलेत का?" नर्सने विचारलं.

भाचीने कपाळाला हात लावला. "आत्या, विचारायचं तर तुला पात्र घ्यावं लागेल. योद्धा, चोर, जादूगार."

"सर्वेक्षक."

"सर्वेक्षक नसतो."

"आता असतो."

आणि आत्या डोंगर चढली. आयुष्यातला पहिला फासा तिने टाकला. एकोणीस. गुहेच्या तोंडाशी तिने फाईल उघडली. पूर्ण नाव? राहण्याचं ठिकाण? यापूर्वी कधी आग लावली होती का?

भाचीने लिहून आणलेले कागद बाजूला सारले. मग घोगऱ्या आवाजात ड्रॅगन म्हणाला, "मला हे आजवर कोणी विचारलं नाही. बाई, माझा घसा बसलाय. तीन महिने ठिणगी नाही."

आत्याने जबाबाखाली नखाचा ठसा घेतला.

"सहा रविवारांची लढाई मी लिहून ठेवली होती," भाची म्हणाली. "तू वीस मिनिटांत मिटवलीस."

"गिरणीवाला मोकळाच आहे ना अजून? त्याला पळू देऊ नकोस."

सहाला कुलपात किल्ली फिरली. वहिनीने आधी टेबलावरून हात फिरवला, मग विचारलं, "काय निघालं, वन्सं?"

तिघांचे डोळे आत्यावर. 'काही नाही' म्हटलं की टेबल सुटलं. पण मग पुढच्या रविवारी यायला आत्याला निमित्त कुठलं?

"जुगार नाही," आत्या गंभीरपणे म्हणाली. "पण प्रकरण साधं नाही. एका पाहणीत निकाल देता येणार नाही. दर रविवारी यावं लागेल. खेळ चालू ठेवूनच बघायला हवं."

"तुम्हाला उगाच त्रास."

"घरचंच काम आहे. टेबलावर आम्ही कापड अंथरू."

"आम्ही?" वहिनी म्हणाली.

आत्याने फाईल मिटली.

आठवीत शाळेच्या नाटकात आत्याला झाडाचं काम मिळालं होतं. झाडाला एकही वाक्य नव्हतं.