आपला पूल अजून लांब

हुल्डानं सुकाणूचा दांडा कमरेनं इतका जोरात रेटला की बोटीची कड काठाच्या दगडांना करकरत घासली. काठच्या पायवाटेवरून बोट ओढणारी खेचरं बिचकली. ती हाकणाऱ्या म्हाताऱ्या फिनियसनं मागे वळून पाहिलं.

"बाई, भांडण लेकीशी आहे ना? मग कालव्याला का धडका?"

"तू तुझी खेचरं बघ!"

लोव्हिना टपावर बसून बटाटे सोलत होती. सकाळपासून मायलेकींचं बोलणं नुसतं भांडी आदळण्यातून चाललं होतं.

"रविवारी येणार आहे लेवी," शेवटी लोव्हिना म्हणाली. "मला मागणी घालायला."

"माझ्या बोटीवर पाय ठेवून तर बघू दे त्याला."

"मग मीच उतरेन, आई. आणि परत चढायची नाही."

या पोरीला उगाच धमक्या द्यायची सवय नव्हती, हीच तर पंचाईत. नवरा गेल्यावर तिच्याच जोरावर हुल्डानं बोट पाण्यात ठेवली होती. आणि हा लेवी तरी कोण परका? मिसरूड फुटायच्या आधी याच बोटीवर आला, दोराच्या गाठी हुल्डाकडूनच शिकला, तापानं फणफणला तेव्हा हिनंच त्याला चमच्यानं पेज पाजली. आणि एक दिवस गडी उठला नि आगगाडीवर गेला. डब्यांच्या टपांवरून ब्रेकची चाकं फिरवायला! रॉचेस्टरचं पीठ आता त्याच्या गाडीतून ऑल्बनीला जात होतं आणि हुल्डाची बोट अर्धी रिकामी. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा मेला!

मागून शिट्टी आली. रूळ कालव्याला लागूनच होते.

"आला बघा जावई, धूर सोडत," फिनियस म्हणाला आणि पचकन थुंकला.

मालगाडी धडधडत बोटीला मागे टाकून निघाली. मधल्या एका डब्याच्या टपावर लेवी उभा होता. लोव्हिना दिसली तसा तो हसला, डब्याबरोबर पुढे जाता जाता तिच्याकडे वळत गेला, आणि शेवटी इंजिनाकडे पाठ करून हात हलवत राहिला. पुढे कालवा आणि रूळ दोन्ही ओलांडणारा लाकडी पूल होता. बुटका, टपावरच्या माणसाच्या छातीइतका.

लोव्हिनाला तो दिसला. तिच्या हातातला बटाटा पडला, तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

"वाऽऽका! पूऽऽल!" सुकाणूवरून हुल्डा गरजली.

कालव्यावर पूल आला की सुकाणूवरचा माणूस हीच हाक देतो. ऐकणारा मागे वळून बघत बसत नाही. आहे तिथे आडवा होतो. लेवी टपावर सपाट पडला. पूल त्याच्यावरून सरकला, टोपी उडाली, आणि गाडी धुरात निघून गेली. बऱ्याच वेळानं त्या धुरातून एक हात वर झालेला दिसला.

फिनियसनं खेचरं थांबवली.

"बाई, आपला पूल तर अजून लांब आहे."

"डोळे आहेत मला."

खेचरं पुन्हा चालू लागली. बोट पुलाशी पोचली तेव्हा काठाजवळ लेवीची टोपी तरंगत होती. हुल्डानं आकडीची काठी घेतली, टोपी ओढून काढली आणि रागारागानं पिळली.

"गाढव! पाठ करून उभा राहतो! हे शिकवलं होतं का मी त्याला?"

लोव्हिना रडत होती.

"आई, दे ती. मी देईन त्याला."

"राहू दे." हुल्डानं टोपी चुलीच्या धुराड्यावर वाळत घातली. "येऊन घेऊन जाईल की रविवारी."

"कुठून?"

"कुठून म्हणजे? टोपी बोटीवर आहे, तर बोटीवर चढूनच नेईल ना!"