सिंकखालचा वाकडा पाइप

तिने रबरी पंप दोन्ही हातांनी सिंकच्या जाळीवर दाबला आणि अंगात होता नव्हता तो जोर लावून वर ओढला. आत कुठेतरी गुडगुडलं, दोन बुडबुडे आले आणि करडं पाणी होतं तिथेच राहिलं. चार थेंब चष्म्यावर उडाले, ते वेगळेच.

तिसरा दिवस होता. पहिल्या दिवशी तिने कढत पाणी ओतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी शेजारीण म्हणाली म्हणून खायचा सोडा आणि व्हिनेगर. फेस असा उसळला, की आता झालंच काम; पण फेस बसला आणि त्याच्याबरोबर पाणीही ठाण मांडून बसलं. भांडी ती बाथरूममध्ये उकिडवी बसून घासत होती. शिवणयंत्राशेजारी शाळेचे बावीस गणवेश पडले होते, शनिवारी द्यायचे. नवरा ट्रक घेऊन गेलेला, रविवारशिवाय यायचा नाही. फोनवर त्याचा एकच सल्ला, "प्लंबरला बोलाव ना." जसा काही प्लंबर फडताळात घडी घालून ठेवला होता.

सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"जातंय का पाणी?"

"जात असतं तर मी अशी उभी असते का, बाबा?"

बोलून गेल्यावर तिलाच ते लागलं. बाबा गॅलरीत परतले. हल्ली महिनाभर त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. ताट घेऊन गॅलरीत जायचे, एकटेच जेवायचे आणि मग आपलं ताट आपणच धुवायचे. नको म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. सुनेने घासलेलं त्यांना पटत नसावं, असा तिने अर्थ काढला होता, आणि तो आत ठसठसत होता.

तिने ओट्याखालची निळी बाटली काढली. तुंबलेल्या मोऱ्यांचं जालीम औषध. झाकण अर्धं फिरवलं तोच फोन वाजला. सकाळपासून सहा वेळा लावलेला प्लंबर एकदाचा बोलता झाला.

"ताई, मला परवाशिवाय जमत नाही. आत काय काय ओतलंय?"

"आता बाटली ओततेय."

"नका ओतू. एवढ्या साचलेल्या पाण्यात ते खाली पोचायचं नाही, आणि वर पंप मारलात तर डोळ्यांत उडेल. शिवाय परवा पाइप मी खोलणार, हात माझे भाजणार. झाकण लावा आधी."

तिने झाकण लावलं.

"आता सिंकखाली बघा. एक पाइप खाली वाकून परत वर चढलाय, दिसला? सिंकमधलं पाणी मगने उपसून टाका, पाइपाखाली बादली ठेवा आणि त्याच्या दोन्ही टोकांचे नट हातानेच फिरवा. प्लास्टिकचे आहेत, पाना लावलात तर तडकतील. बहुतेक सगळा माल तिथेच अडकतो."

"आणि नसला तर?"

"तर परवा मी आहेच की."

तिने पाणी उपसलं. हातमोजे चढवले आणि फरशीवर आडवी होऊन ओट्याखाली डोकं घातलं. पहिला नट फिरला. दुसरा हटून बसला. जुन्या चादरीची चिंधी गुंडाळून पाहिली, उलट्या दिशेने फिरवून पाहिला. मान अवघडली, केस कोपऱ्यातल्या जळमटात गेले.

"फिर की मेल्या," ती दातओठ खात म्हणाली, आणि तो फिरला. काळं पाणी निम्मं बादलीत, निम्मं तिच्या बाहीत गेलं.

तिने पाइप बादलीत आपटला. तेलकट थर निघेल अशी तिची अटकळ होती. थर निघालाच, पण त्यात पांढुरके गोळे चिकटले होते. भाताचे, भाजीचे. एक, दोन, मग मोजवेनात.

तिच्या मस्तकात तिडीक गेली. म्हणजे तिने पहाटे उठून रांधायचं आणि यांनी ते सिंकमध्ये लोटायचं. वर धुण्याचा आव. बादली उचलून ती तरातरा गॅलरीकडे निघाली.

दाराशी मात्र तिचा पाय अडला. तिने पुन्हा बादलीत पाहिलं. गोळे चावलेले होते. चावून चावून लगदा केलेले. अन्न टाकूनच द्यायचं असलं, तर ते कुणी चावत बसत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी बाबांनी दोन पँटी कमरेत आत घ्यायला दिल्या होत्या. शिवण उसवताना कापड सैल पडलंय असं तीच म्हणाली होती. एवढी वर्षं लोकांची मापं घेणारी बाई.

बाबांनी बादली पाहिली आणि पेपर खाली ठेवला.

"घास गिळता येत नाही का तुम्हाला?"

"पातळ जातं." त्यांनी छातीच्या मधोमध बोट टेकवलं. "घट्ट असलं की इथे अडतं. मग परत येतं."

"मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी खाली ठेवलेल्या पेपरची घडी घातली.

"तुझ्या सासूचं असंच सुरू झालं होतं. तू या घरात यायच्या आधी." मग म्हणाले, "त्याला आता फोन करू नकोस. गाडी चालवतोय तो."

तीन दिवसांत साठलेली कितीतरी वाक्यं तिच्याकडे तयार होती. त्यातलं एकही कामाचं नव्हतं.

ती आत गेली. पाइप जुन्या ब्रशने घासला, रबराची चकती नीट बसवली, नट हातानेच आवळले. नळ सोडून सांध्याखाली बोट फिरवलं. कोरडं होतं. पाणी गरगरत खाली गेलं. तिने ते गेलेलं नुसतं पाहिलं, आणि हात पुसून दवाखान्याचा नंबर लावत परत गॅलरीत आली.

पलीकडच्या बाईने सगळं लिहून घेतलं, थांबायला सांगितलं आणि डॉक्टरांना विचारून आली.

"त्रास कधीपासून आहे म्हणालात?"

तिने बाबांकडे पाहिलं. त्यांनी पाच बोटं दाखवली.

"पाच आठवडे."

"सोबत कोण येणार?"

"मी."

"मग उद्या नऊला या. दुर्बीण घालून बघतील. आज रात्रीपासून पेशंटला काही खायला द्यायचं नाही."

"रात्रीपासून काही खायचं नाही म्हणतायत, बाबा."

"तेवढं जमेल," बाबा म्हणाले.

तिने फोन कानापासून लांब धरला. पलीकडची बाई कितीतरी वेळ हॅलो, हॅलो करत राहिली.